उसन्या शब्दांचा दिमाख

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या तरुणांस केवळ शुद्ध व्याकरण आता पुरेसे वाटत नाही. मित्रमंडळींत, कचेरीत, परदेशी विद्यापीठाच्या वसतिगृहात जी मोकळी, उनाड बोली चालते, जिला इंग्रज लोक 'स्लँग' म्हणतात, तीही आपल्या जिभेवर खेळावी अशी त्यांची इच्छा असते. ही इच्छा अस्वाभाविक नाही. चारचौघांत आपण एकटेच पुस्तकी बोलतो हा संकोच फार बोचरा असतो. परंतु अशी बोली शिकता येते काय, आणि शिकली तरी ती आपली होते काय, या प्रश्नाचे मर्म बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकाच्या तिसऱ्या अंकात जसे उघड झाले आहे तसे अन्यत्र क्वचितच आढळेल.

पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मुळे (१९७५) ही कथा मराठी रसिकांच्या परिचयाची आहे, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा तर अनेकांच्या स्मरणात आहे. मूळ नाटक १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. फुले विकणाऱ्या एलायझाला उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स उच्चभ्रूंची बोली शिकवतो व परीक्षेसाठी आपल्या आईच्या दिवाणखान्यात आणतो. हवापाणी आणि प्रकृती यांपलीकडे तिने बोलू नये, अशी ताकीद तिला असते. परंतु इन्फ्लुएन्झाने वारलेल्या मावशीची गोष्ट निघते आणि निर्दोष उच्चारांतून गल्लीतली भाषा वाहू लागते. निघताना तर ती 'ब्लडी' हा शब्द सहज उच्चारून जाते. त्या काळी या एका शब्दाने प्रेक्षागृह हादरले.

टीकाकारांचे लक्ष बहुधा एलायझावरच खिळते. आमच्या मते या प्रसंगातील खरी विद्यार्थिनी दुसरीच आहे: पाहुणी म्हणून आलेली क्लारा. एलायझा उनाड शब्द शिकलेली नाही. ते तिच्या जन्माचे धन आहे. शिकते ती क्लारा. ही तर हल्लीच्या गप्पांची नवी तऱ्हा, अशी हिगिन्स थाप मारतो आणि क्लारा ती खरी मानते. आई दुखावते, तेव्हा इतके जुनाट राहिलो तर आपण कोठे जात-येत नाही असे लोकांस वाटेल, अशी ती आईचीच समजूत घालते. हिगिन्स तिला आणखी चढवतो. पुढच्या तीन घरी हेच खुशाल बोल, भिऊ नकोस, म्हणतो. ती तोच शब्द ठणकावून उच्चारते आणि आपण अगदी अद्ययावत झालो या आनंदात बाहेर पडते. मागे राहिलेली आई यजमानीणबाईंस सांगते की आम्ही फार गरीब आहोत, पोरीला समारंभांची आमंत्रणे फारशी येत नाहीत, तिला नीटसे कळत नाही.

या कबुलीने सारा विनोद क्षणात गंभीर होतो. क्लाराला त्या शब्दाची गरज अर्थासाठी नव्हती. ज्या समाजाच्या उंबरठ्यावर ती उभी होती, त्यात प्रवेश मिळावा म्हणून तिला तो हवा होता. आणि तो तिला शिकवणारा मनुष्य तिची थट्टा करीत होता!

वकिलीच्या भाषेत बोलावयाचे तर ताबा वेगळा आणि मालकी वेगळी. उनाड शब्दाचा अर्थ कोशातून मिळतो. तो ताबा होय. परंतु तो कोणापुढे, कोणत्या नात्याने, किती हसून वा रागावून उच्चारावा हा अधिकार सहवासातूनच येतो. कीर्तनकार उत्तररंगात एखादा रांगडा शब्द टाकतो आणि सारा सभामंडप हसतो. तोच शब्द नवख्याने पाठ करून टाकला तर श्रोते मान खाली घालतात.

शिवाय हा माल टिकाऊ नसतो. याच नाटकावरून १९५६ मध्ये 'माय फेअर लेडी' हे संगीतक निघाले, तेव्हा 'ब्लडी'ची धार बोथट झाली होती. लेखकास प्रसंग घोड्यांच्या शर्यतीवर नेऊन दुसरा, अधिक ओबडधोबड शब्द योजावा लागला. खुद्द नाटकातला कर्नल पिकरिंग हिंदुस्थानात काही वर्षे काढून परततो, तर आपण सभ्य पंगतीत आहोत की खलाशांच्या कोठडीत, हे त्यास कळेनासे होते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींस या गोंधळाचा अर्थ समजावून सांगणे नको. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०२३ चा शब्द म्हणून 'रिझ' निवडला. समोरच्यावर मोहिनी घालण्याची हातोटी असा त्याचा अर्थ. असा शब्द आपल्याकडील शिकवण्यांच्या यादीत पोहोचेपर्यंत मूळ बोलणारी मुले पुढच्या शब्दाकडे वळलेली असावयाची.

मग तरुणांनी ही बोली शिकूच नये काय? आमचे तसे म्हणणे नाही. ती समजलीच पाहिजे. न समजल्यास मनुष्य थट्टेचा विषय होतो किंवा सरळ बोलण्यातही अपमान पाहतो. परंतु समजणे हे आजचे काम आणि बोलणे हे सहवासाचे फळ, हा क्रम उलटू नये. क्लाराच्या आईचाही निवाडा आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. ती शब्दाला विटते. वस्तुतः एलायझाच्या मुखी त्याच शब्दांत जिवंत माणसाचा राग आणि दुःख होते. शब्द विटाळलेला नव्हता, उसना होता.

नाटकात क्लाराला शॉ यांनी असेच हास्यास्पद सोडून दिले आहे, हा त्या रचनेतील आम्हांस जाणवणारा उणेपणा. तथापि १९१६ च्या छापील आवृत्तीस जोडलेल्या उत्तरकथेत त्यांनी तिला न्याय दिला. तेथे ती वेल्स व गॉल्सवर्दी यांची पुस्तके वाचते, आपल्या दिखाऊपणाकडे डोळे उघडून पाहते आणि अखेर जुन्या फर्निचरच्या दुकानात नोकरी धरते. जो प्रवेश तिला त्या एका शब्दाने मिळाला नाही, तो वाचनाने आणि कष्टाने मिळाला. यादी पाठ करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी तिसरा अंक हसत वाचावा, आणि ही उत्तरकथाही न वगळता वाचावी.