ताट, पेला आणि रुचीचा न्याय

मंडळी, विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर माधवनगरात वाइनवर बोलतोय! ज्यांना घ्यायची नाही त्यांनी घेऊ नये, माझा आग्रह नाही. मला तपासायचंय ते एक विधान. 'अमुक वाइन तमुक पदार्थाशी जुळते' असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

उदाहरण नाशिकचं घेऊ. तिथं राजीव सामंत यांच्या सुला कंपनीनं शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यॉ ब्लां या मूळच्या फ्रेंच जाती लावल्या आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. आता अशा पांढऱ्या वाइनची शिफारस करताना एक वाक्य हमखास येतं : 'मसालेदार भारतीय जेवणाबरोबर उत्तम.' माझा आक्षेप या वाक्यावर आहे. आपलं भडंग मसालेदार, तांबडा रस्सा मसालेदार, कटाची आमटीही मसालेदार. तिन्हींना एकच उत्तर कसं चालेल?

यावर कोणी म्हणेल, 'सर, आवड ज्याची त्याची.' कांट १७९० मध्ये हेच म्हणाला, आणि उदाहरणही वाइनचंच दिलं. कॅनरी बेटांवरची वाइन छान आहे असं म्हणू नका, 'मला' छान लागते असं म्हणा. पण त्याच्या आधी, १७५७ मध्ये, ह्यूमनं 'डॉन किहोते'मधली गोष्ट सांगितली होती. दोघांनी एकाच पिंपातली वाइन चाखली. एकाला लोखंडाची चव लागली, दुसऱ्याला चामड्याची. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी लावलेली किल्ली निघाली! म्हणजे जिभेच्या निवाड्यालाही कारणं असतात, बरं का.

ती कारणं आपण मांडू. पांढरी वाइन बहुधा साल बाजूला काढून, नुसत्या रसाची करतात. त्यामुळे तोंड कोरडं करणारं टॅनिन तिच्यात फार कमी. तिखटाशी टॅनिनचं पटत नाही. अल्कोहोलही आग वाढवतं. थोडा गोडवा आणि गारवा मात्र आग शमवतात. म्हणून किंचित गोडसर, थंड शेनिन भडंगाबरोबर जमते. सॉव्हिन्यॉचा आंबट, हिरवट सूर कोथिंबीरवडीला लिंबासारखा उपयोगी पडतो. तांबड्या रश्श्यापुढे मात्र दोघींचाही निभाव लागत नाही.

खरी अडचण पुढंच आहे. युरोपात एकामागून एक पदार्थ येतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा पेला देता येतो. आपल्या ताटात डावी-उजवी बाजू एकाच वेळी समोर असते. पुरणपोळीच्या घासावर कोरडी वाइन नुसती आंबट लागते, आणि पुरणाला जे तिखट-आंबट उत्तर हवं ते कटाच्या आमटीनं आधीच दिलेलं असतं. भरतमुनींनी रस समजावताना भोजनाचाच दृष्टांत दिला : नाना व्यंजनं एकत्र येतात तेव्हा रस निपजतो. त्या मापानं माझा निवाडा असा : भरल्या मराठी ताटात वाइनला जागा नाही, संध्याकाळच्या खमंग खाण्याबरोबर आहे.

हे वाइनविरुद्धचं बोलणं नाही. आपला जिल्हा द्राक्षांचा. तासगावकडचा थॉम्पसन खायला आणि बेदाण्याला जातो, आणि २००१ च्या राज्य धोरणानंतर पलूसला वाइन पार्कही झालं. द्राक्ष आपलं, तर पारखही आपली हवी. उसन्या शब्दांनी माल एखाद वेळी खपेल. पण पिणाऱ्याला आपल्याला काय आवडलं हे सांगता येणार नाही, आणि पिकवणाऱ्याला काय सुधारायचं ते कळणार नाही. तुरट, हिरवट, आंबूस, करकरीत, मिळमिळीत. शब्द आपल्याकडे आहेत, मंडळी. ते वापरायचं धाडस करू या.