सापळ्यात न दिसलेलं गिऱ्हाईक

गेल्या पावसाळ्यात मला एका मुलीचा मेल आला. सुरुवात ‘सर’ने. मला ऑफिसात कोणी सर म्हणत नाही, म्हणून आधी वाटलं कुठल्या तरी कोर्सची जाहिरात असेल. ती दुसऱ्या राज्यातली, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पानांच्या फोटोंवरून पिकावरचा रोग ओळखणारं मॉडेल बनवत होती. तिची अचूकता ७१ टक्क्यांच्या वर सरकत नव्हती आणि तिचे गाईड तिला एक जुना पेपर दाखवून विचारत होते, ‘यांना ९४ आले, तुला का येत नाहीत?’ तो पेपर आमचा होता. तिला आमचा डेटा हवा होता.

आमचे ९४ कसे आले ते मला माहीत आहे. आम्ही चौघांनी सोयाबीनच्या शेतात जाऊन फोटो काढले होते. एकेका पानाचे दहा-पंधरा, थोडा कोन बदलून. मग सगळे एकत्र पिसले आणि काही ट्रेनिंगला, काही टेस्टिंगला दिले. म्हणजे परीक्षेत आलेलं पान मॉडेलने आधीच पाहिलेलं होतं. पेपर फुटलेल्या परीक्षेतले ते ९४ मार्क होते. हे सबमिशनच्या आठवडाभर आधी आमच्या लक्षात आलं होतं. पण ‘इंटरनॅशनल जर्नल’मध्ये पेपर छापून आला तर प्रोजेक्टला जास्त मार्क मिळणार होते. आम्ही वर्गणी काढून फी भरली. तिसऱ्या दिवशी स्वीकृतीचा मेल आला आणि पाठोपाठ सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. समीक्षकाचा एकच शेरा होता : फॉन्ट टेम्प्लेटप्रमाणे करा.

त्या मेलनंतर मी जॉन बोहॅननचा गाजलेला लेख पुन्हा काढून वाचला. ‘हूज अफ्रेड ऑफ पीअर रिव्ह्यू?’ हा लेख ऑक्टोबर २०१३मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. कॉलेजात वाचला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. या वेळी हसू आलं नाही, आणि लेखात काय नाही ते दिसायला लागलं.

आधी लेखात काय आहे ते सांगतो. बोहॅननने एक खोटा पेपर रचला : अमुक दगडफुलातला तमुक रेणू कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतो. रेणू, दगडफूल आणि पेशी यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि एक प्रोग्रॅम लिहून त्या जागी वेगवेगळी नावं भरत शेकडो पेपर तयार केले. लेखकांची नावं बनावट, संस्थाही बनावट. चुका मात्र मुद्दाम ढोबळ ठेवल्या. आलेख सरळ सांगतो की डोस वाढवून फरक पडत नाही, आणि खालची ओळ म्हणते की पडतो. औषध अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं, पण ज्यांच्याशी तुलना करायची त्या कंट्रोल पेशींना अल्कोहोल दिलेलंच नाही. म्हणजे पेशी औषधाने मेल्या की दारूने, हे कळायला मार्गच नाही.

हा पेपर त्याने ३०४ ओपन ॲक्सेस जर्नल्सना पाठवला. लेख लिहीपर्यंत १५७ ठिकाणी स्वीकारला गेला होता, ९८ ठिकाणी नाकारला गेला होता. ज्यांनी निर्णय दिला त्यातल्या सुमारे ६० टक्के ठिकाणी समीक्षण झाल्याची खूणच नव्हती. ३०४पैकी फक्त ३६ ठिकाणी कोणाला तरी विज्ञानातली चूक दिसली, आणि त्यातल्याही १६ संपादकांनी पेपर तरीही स्वीकारला. हा १६चा आकडा मला सगळ्यात जास्त टोचतो. आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये कोणी ‘हे प्रॉडक्शनला फुटेल’ असं लिहिलं आणि त्याखाली मॅनेजरने ‘मर्ज करा’ म्हटलं, तर निदान रात्री दोनला फोन त्यालाच येतो. इथे फोन कोणालाच येत नाही.

लेखाची ताकद त्याच्या टेस्ट केसमध्ये आहे. पीअर रिव्ह्यू ढासळलाय असं नुसतं म्हणणारे लेख पुष्कळ आहेत. बोहॅननने सिस्टीममध्ये चुकीचा इनपुट टाकला आणि आउटपुट मोजला. मत कमी, मोजमाप जास्त. म्हणूनच लेख आजही शिळा वाटत नाही.

पण ज्या चुकीवर त्याने सापळा उभा केला, तीच चूक त्याच्या स्वतःच्या प्रयोगात आहे. त्याच्या खोट्या पेपरात धड कंट्रोल नव्हता, आणि त्याच्या खऱ्या प्रयोगात कंट्रोलच नाही. सगळी ३०४ जर्नल्स ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट. लेखकाकडून फी घेणं हे त्यातल्या बहुतेकांचं अर्थकारण. वर्गणी घेणाऱ्या जुन्या, वजनदार जर्नल्सना हा पेपर गेलाच नाही. मग पेशी कशाने मेल्या, ओपन ॲक्सेसने की एकूणच समीक्षणाच्या ढिलाईने? लेखाच्या शेवटाकडे एक शास्त्रज्ञ त्याला सांगतो, की वर्गणीवाल्यांकडेही असंच निघालं असतं. बोहॅनन ते नोंदवतो, आणि लेख तिथेच संपत येतो. ‘सायन्स’ स्वतः वर्गणीवर चालणारं साप्ताहिक आहे, हे लक्षात ठेवून ती जागा वाचावी.

उत्तर काही महिन्यांतच दुसरीकडून आलं. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००५मध्ये गंमत म्हणून ‘सायजेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. एक बटण दाबलं की कॉम्प्युटर सायन्सचा अर्थशून्य पेपर तयार. फ्रान्समधल्या सिरिल लाबे या संशोधकाने असे पेपर शोधून काढले आणि २०१४मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई यांना कॉन्फरन्सच्या संग्रहांतून १२०हून जास्त पेपर काढून टाकावे लागले. हे संग्रह लायब्रऱ्या पैसे मोजून घेत होत्या.

दुसरी गोष्ट बोहॅननच्या लेखकांची. ती नावं त्याने आफ्रिकी नावं उलटसुलट जुळवून बनवली. बनावट संस्था आफ्रिकी देशांच्या राजधान्यांतल्या. कारण असं, की गरीब देशातल्या संस्थेचा इंटरनेटवर मागमूस नसला तरी कोणाला संशय येणार नाही. इंग्रजी फार सफाईदार वाटू नये म्हणून मजकूर गूगल ट्रान्सलेटमधून फ्रेंचमध्ये नेऊन परत आणला. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. माझं इंग्रजी आजही थोडंसं कुठून तरी परत आणल्यासारखंच असतं. म्हणजे हे गिऱ्हाईक कसं दिसतं, कसं लिहितं, हे बोहॅननला नेमकं ठाऊक होतं. त्याने त्याचा वेष घेतला.

पण तो त्या गिऱ्हाइकाशी बोलत नाही. लेखाच्या सुरुवातीला नायजेरियातल्या एका जीवशास्त्रज्ञ बाई येतात. त्यांनी पेपर पाठवला आणि नंतर त्यांच्याकडे १५० डॉलर मागितले गेले. त्या फसवल्या गेल्या होत्या. आम्ही चौघे फसवले गेलो नव्हतो. आम्हाला काय विकत मिळतंय ते माहीत होतं आणि आम्ही ते विकत घेतलं. बोहॅनन पेपर स्वीकारला गेला की चूक सापडल्याचं कळवून तो मागे घ्यायचा. फी भरायची वेळ त्याच्यावर आली नाही. आमचा पेपर आत गेला आणि आतच राहिला.

हे फक्त आम्हा चौघांपुरतं नाही. बोहॅननच्या यादीतली सुमारे एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती. त्यातल्या ६४नी पेपर घेतला, १५नी नाकारला. ही दुकानं इथेच का, याचं उत्तर लेखात नाही. ते आपल्या नियमांत आहे. यूजीसीने २०१०पासून प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला गुणांची मोजणी जोडली आणि छापलेल्या पेपरला गुण ठेवले. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापायची सक्ती होती. ज्याला वर्षभर वर्गात शिकवायचंय आणि हाताशी धड लॅब नाही, त्यालाही पेपर हवाच. मागणी सरकारी, पुरवठा खाजगी.

पुढे दुरुस्तीचे प्रयत्नही झाले. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठांनी सुचवलेल्या १००९ जर्नल्सची तपासणी मांडली. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स निकषांत बसली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने ‘केअर’ यादीची घोषणा केली आणि तिचं मुख्य काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात सुरू झालं. पीएचडीआधीची सक्ती २०२२च्या नियमांत गेली. केअर यादी २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि चांगलं जर्नल ओळखायची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. यादी असो वा नसो, पेपर मोजणारा माणूस तो उघडून वाचतो का, हा प्रश्न तसाच आहे. आमचा पेपर मार्क देणाऱ्यांनी वाचला नव्हता. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं.

म्हणून बोहॅननचा लेख वाचाच, पण अर्धा समजून वाचा. त्याने दुकानदार पकडला. गिऱ्हाईक आणि त्याला दुकानात पाठवणारा, हे दोघं त्याच्या फोटोत नाहीत. आणि चौथी व्यक्ती तर अजिबात नाही : पाच-सहा वर्षांनी तो पेपर खरा मानून वाचणारी. आपल्या प्रामाणिक ७१ टक्क्यांची लाज वाटणारी.

मी त्या जर्नलला पेपर मागे घ्यायचा आहे म्हणून मेल केला. उत्तर एका तासात आलं, समीक्षणापेक्षा पुष्कळ लवकर. पेपर काढायचीही फी आहे, आणि सगळ्या लेखकांच्या सह्या हव्यात. चौघांपैकी दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्याच्या सीव्हीवर तो पेपर आहे, त्याचं उत्तर अजून यायचंय. गाईड पाचवे लेखक. त्यांना फोन करायला मी महिनाभर टाळाटाळ केली. केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अरे, एवढं जुनं कोण वाचतंय?”

त्या मुलीला मात्र मी त्याच रात्री उत्तर लिहिलं. फोटो कसे काढले, कसे पिसले, ९४ कुठून आले, सगळं. पानानुसार विभागणी करून तेच मॉडेल पुन्हा चालवलं, त्याचा आकडाही दिला. तो ६३ निघाला. वर लिहिलं, की हा मेल तुमच्या गाईडना जसाच्या तसा दाखवा.