पडद्यावरची बेटे आणि मांडवीतली बेटे

नाताळची सुटी जवळ आली की हुबळी-धारवाडच्या घराघरांत गोव्याचे दोन बेत शिजू लागतात. वडीलधाऱ्यांचा बेत ठरलेला : मंगेशी, म्हार्दोळ, कवळे; अभिषेक, आरती, प्रसादाचे जेवण आणि रात्रीच्या गाडीने परत. मुलांचा बेतही तितकाच ठरलेला : कळंगूट, बागा, रात्रभराचा नाचगाण्याचा जलसा, होडीतून एखाद्या बेटाची फेरी आणि सोमवारी तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत हजर. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर ही वाट दोघांची एकच. परंतु घाट उतरला की दोघांचे गोवे निराळे होतात. थोरले म्हणतात, मुले बहकली. मुले म्हणतात, थोरल्यांना समुद्र दिसतच नाही. हा वाद आम्ही देवळाच्या सभामंडपात पुष्कळदा ऐकला आहे. मुलांच्या मनातला गोवा बहुतांशी चित्रपटांनी घडविला आहे, म्हणून निवाडा करण्यापूर्वी ते चित्रपटच पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावे, असे आम्ही ठरविले.

राज कपूर यांच्या ‘बॉबी’मध्ये (१९७३) जॅक ब्रगांझा नावाचा गोव्याचा कोळी आहे. प्रेमनाथ यांनी रंगविलेली ही भूमिका भडक आहे, गोमंतकीय ख्रिस्ती माणसाविषयीच्या ठोकळेबाज कल्पना तीत पुरेपूर उतरल्या आहेत, हे खरे. तथापि त्या माणसाला मुलगी आहे, राग आहे, अभिमान आहे. त्याच्या दारी येणाऱ्या श्रीमंताला तो चार शब्द सुनावू शकतो. म्हणजे पाहुणा आहे, तसा यजमानही आहे.

पुढे २००१ साली फरहान अख्तर यांचा ‘दिल चाहता है’ आला. तीन मित्रांच्या मैत्रीचे चित्रण त्यात इतके सहज साधले आहे की त्याबद्दल दिग्दर्शकाचे कौतुक करावयास आम्ही कचरत नाही. शापोरा किल्ल्याच्या तटावर बसून तिघे समुद्राकडे पाहतात, तो प्रसंग तर रसिकांच्या मनात कायमचा राहिला आहे. परंतु या संपूर्ण गोवा-प्रकरणात गोव्याचा माणूस कितीसा आहे? तिघांपैकी एकाला जी तरुणी भुलविते आणि लुबाडते, तीसुद्धा परदेशी पाहुणीच. यजमान येथे पडद्याआड गेला. आदिलशाही, पोर्तुगीज आणि मराठे यांच्या हातांतून फिरलेला तो किल्ला आता चित्रपटाच्या नावाने ओळखला जातो. प्रवाशांनी किल्ल्याचे नाव बदलावे आणि गावाला त्याची दखलही घेता येऊ नये, ही आम्हांस केवळ गंमत वाटत नाही.

राज आणि डीके या दिग्दर्शकद्वयाचा ‘गो गोवा गॉन’ (२०१३) हा या परंपरेचा शेवटचा टप्पा म्हणता येईल. मुंबईची तरुण मंडळी गोव्याच्या किनाऱ्यावरून एका बेटावरच्या रात्रीच्या जलशाला जातात. तेथे नव्या मादक गोळ्या खाल्लेले लोक सकाळी चालत्या प्रेतांसारखे उठतात आणि जिवंतांच्या अंगावर धावून येतात. चित्रपट विनोदी आहे, आणि त्याचा विनोद पुष्कळ ठिकाणी नेमका लागतो. सैफ अली खान यांनी रंगविलेला रशियन गुंड वस्तुतः दिल्लीचा निघतो, ही कल्पना मार्मिक आहे. ज्या करमणुकीच्या बाजारात सर्वच वेष उसने, तेथे रशियन तरी खरा कशाला असावा? स्मृती गमावलेली, केवळ भुकेने चालणारी माणसे दाखवून या चित्रपटाने एका प्रकारच्या सहलीवर चांगलाच ओरखडा काढला आहे. तथापि उपहास करणाऱ्यालाही त्या बेटाशी अधिक कर्तव्य नाही. तेथे शेते कोणाची, विहीर कोणाची, सणाला दिवा कोण लावतो, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. बेट म्हणजे रिकामी जागा, हे गृहीत धरूनच विनोद चालतो.

या चित्रपटांवरील आमचा आक्षेप मद्याचा किंवा तोकड्या वस्त्रांचा नाही. तो आक्षेप सोपा आहे आणि तो घेणारे पुष्कळ आहेत. आमचा आक्षेप असा की, ज्या भूमीवर ही मौज चालते तिला घरधनीच नाही, अशी समजूत हे चित्रपट करून देतात.

आमच्या गावाला गोवा असा परका कधी नव्हता. धारवाडजवळच्या नरेंद्र गावी गोव्याच्या कदंब राजांच्या काळचे शिलालेख आहेत. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी खुद्द त्यांच्यापासून घेतली. तीच गायकी त्यांचे पुत्र मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांना लाभली. आज मात्र गोव्याचे नाव आमच्याकडे निघते ते सहलीसाठी किंवा महादायीच्या पाण्यासाठी. खानापूर तालुक्यात उगम पावणारी ही नदी गोव्यात म्हादई आणि पुढे मांडवी होते. तिच्या पाण्याविषयी लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला. त्यानंतरही वाद शमला नाही. पाण्याचा हक्क कोणाचा, हा येथे आमचा विषय नव्हे. परंतु जिच्या पाण्याकडे आमचे जुळे शहर डोळे लावून बसले आहे, त्याच नदीच्या मुखाकडे दिवाडी, चोडण आणि जुवे ही बेटे आहेत, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

बेटांची खरी कथा तेथे आहे. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीवरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे मोडली, तेव्हा भक्तांनी देव नदीपार डिचोली महालातील नार्व्यास नेला. तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवाजी महाराजांनी करविला. दिवाडीचा गणपती खांडोळ्यास गेला. चोडणचा देवकीकृष्ण मये गावावरून माशेलास आला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, ती याच धामधुमीत. बेटावरून बेटावर, तीरावरून तीरावर असा प्रवास आधी आमच्या देवांनी केला आहे, आणि तो मौजेखातर नव्हे. जे मागे राहिले त्यांनीही ती बेटे टाकली नाहीत. दिवाडीचे ख्रिस्ती ग्रामस्थ आजही ऑगस्टात बोंदेराचा उत्सव करतात आणि शिवेवरून झालेल्या जुन्या भांडणाची आठवण झेंडे मिरवून जागवितात. ती बेटे रिकामी नव्हती आणि नाहीत.

येथे कोणी थोरले समाधानाने मान डोलावतील, म्हणून आणखी एका चित्रपटाचा उल्लेख अवश्य करावयास हवा. माजाळीचे महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृष्ट’ या कादंबरीवरून लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी २००९ साली ‘पलतडचो मुनिस’ हा कोंकणी चित्रपट केला. त्याच वर्षी टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात समुद्रकिनारा नाही, घाटातले रान आहे. पत्नी गमावलेला एक वनरक्षक रानात भटकणाऱ्या वेड्या स्त्रीला आसरा देतो. जो गाव तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता, तो आता निंदेसाठी जागा होतो. आणि तोच गाव देऊळ उभारण्याच्या उत्साहात आहे. चित्रपटाची गती संथ आहे, पण रानातल्या एकटेपणाला ती साजते. देवासाठी धावणाऱ्यांना पलीकडच्या तीरावरचा माणूस दिसत नाही, हे त्याचे म्हणणे आम्हां देवळाच्या लोकांना बोचावे असेच आहे.

कारण आम्हीही कवळ्याच्या तळीत पाय धुतले, पावती फाडली, प्रसाद घेतला आणि परतलो. गावाचे नाव देवाच्या नावापलीकडे विचारले नाही. मुलांना नदीचे पाणी, समुद्राचा वारा आणि रात्रीची मौज हवी. आम्हांस देवाचा कौल आणि प्रसाद हवा. तेथला माणूस दोघांच्याही यादीत नाही. मग मुलांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो?

यंदा दोन बेत एकत्र करावेत, अशी आमची सूचना आहे. सकाळी देवदर्शन व्हावे. दुपारी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस जावे, बेट पायी हिंडावे, आणि दुसऱ्या फेरीबोटीने नार्व्यास उतरून सप्तकोटेश्वरापुढे बसावे. संध्याकाळी मुलांना समुद्रावर खुशाल जाऊ द्यावे, थोरल्यांनीही जावे. फेरीबोटीवर शेजारच्या माणसाशी कोंकणीत चार शब्द बोलावेत. ते शब्द आमच्या घरांतल्या किती मुलांना अजून येतात, हेही त्या निमित्ताने कळून येईल.