शारदेचे लग्न कोणी मोडले?

गेल्या वर्षी आमच्या गावी हौशी मंडळींनी 'संगीत शारदा'चा प्रयोग केला. प्रयोग सुटल्यावर दारात चपला शोधता शोधता एक वयस्क गृहस्थ मला म्हणाले, "काय तो काळ, मास्तर! आता नीतिमत्ता म्हणून राहिली नाही." मला हसू आले. तीन तास ते ज्या काळाकडे पाहत होते, त्यात एक श्रीमंत म्हातारा नातीच्या वयाच्या मुलीशी लग्नाला उभा राहत होता, दलाल जुळवून देत होता आणि मुलीचा बाप रुपये घेत होता!

आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी काढलेल्या मंडळीने हे नाटक १८९९ साली इंदुरास प्रथम केले. त्यातले हे लग्न अखेर मोडते कशाने? शारदेच्या आसवांनी नव्हे, आईच्या तळमळीने नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! विद्यार्थिदशेत ही उकल मला लंगडी वाटे. नाटककाराला दुसरे काही सुचले नसावे, असे मी पेपरातही लिहिले होते. आज मला तीच नाटकातली सर्वांत खरी जागा वाटते. देवलांना आपला समाज ठाऊक होता. मुलीचा जीव गेला तरी त्याला चालणार होते. गोत्र चुकलेले चालणार नव्हते. भुजंगनाथाला आपण हसतो, पण त्याला अडवणारी नीती हीदेखील शारदेची नव्हतीच.

मग काही सुधारले की नाही? सुधारले. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला. तो हरबिलास सारडांच्या नावाचा. आपले लोक त्याला 'शारदा कायदा' म्हणू लागले. कानाची ही चूक मला फार आवडते. आज भुजंगनाथाच्या वरातीत कोणी प्रतिष्ठित माणूस राजरोस चालणार नाही. पैशाची वाट मात्र उलटी झाली. कांचनभट घेत होता, आजचा बाप देतो, आणि हुंड्याला तर १९६१ पासून बंदी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ साली कायदा झाला. तरी २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या. कांचनभटाने पोर विकली, पण तिला जन्माला तरी येऊ दिले होते.

त्या गृहस्थांना हे सारे सांगावे असे मनात आले, पण तोंड उघडले नाही. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीचा बाप शाळेचा दाखला मागायला आला. टेबलावर पेढ्यांचा पुडा, त्याखाली लग्नपत्रिका. मी जनरल रजिस्टर उघडून जन्मतारीख पाहिली. पंधरावे सरायचे होते. मी मान वर केली, तसे तेच म्हणाले, "काळजी नको सर, देवक वेगळं आहे, पत्रिकाही जुळलीय. सगळं बघूनच ठरवलंय."

मी सही केली. पेढाही खाल्ला.