मजकुराधारित पडद्यावरील कृत्रिम क्लिक : एक चिकित्सा

प्रस्तावना

मजकुराधारित टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला स्वयंचलित एजंटाने माउसचा निर्देश कसा द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. भाषाप्रतिमानांवर चालणारे एजंट आता टर्मिनलमध्ये प्रत्यक्ष कामे करू लागल्यामुळे मात्र त्याला व्यावहारिक आणि नैतिक महत्त्व आले आहे. प्रस्तुत लेखात या तंत्राची तपासणी तीन कसोट्यांवर केली आहे : निर्देश पोहोचतो का, तो योग्य जागी पोहोचतो का, आणि तो कोणी दिला हे पुढे सांगता येते का. पहिल्या कसोटीस हे तंत्र बहुतांशी उतरते. उरलेल्या दोन कसोट्यांवर ते अपुरे पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निर्देशाचे स्वरूप

टर्मिनलमधील प्रोग्रॅमपर्यंत माउसची हालचाल पोहोचते ती चिन्हांच्या एका मालिकेच्या रूपाने. एक्सटर्मने रूढ केलेल्या पद्धतीत प्रोग्रॅम १००० क्रमांकाची अवस्था सुरू करून माउसची मागणी नोंदवितो. जुन्या संकेतात बटण, स्तंभ व ओळ यांचे आकडे ३२ मिळवून प्रत्येकी एका बाइटमध्ये पाठविले जात. परिणामी २२३ व्या स्तंभापलीकडची क्लिक सांगता येत नसे आणि कोणते बटण सुटले हेही कळत नसे. १००६ क्रमांकाच्या संकेताने आकडे दशमान पद्धतीने लिहून या दोन्ही उणिवा दूर केल्या. आभासी टर्मिनलच्या नियंत्रक टोकावर एजंटाने अशी मालिका लिहिली की प्रोग्रॅम ती खरी मानतो. जुन्या प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही, हे या तंत्राचे खरे बळ होय.

तथापि प्रोग्रॅमने माउसची मागणीच केली नसेल, तर हीच मालिका कळफलकाचे टंकन ठरते. आरंभीच्या एस्केप चिन्हाने चालू काम रद्द होऊ शकते आणि उरलेली चिन्हे भलत्याच आज्ञा म्हणून वाचली जाऊ शकतात. म्हणून ही अवस्था सुरू आहे की नाही हे एजंटाने आधी पाहणे अगत्याचे आहे.

स्थानाचा प्रश्न

क्लिकचे स्थान स्तंभांत मोजले जाते. देवनागरीत ही मोजणी सरळ नाही. ‘राळेगणसिद्धी’ हे गावाचे नाव घ्या. वाचकाला त्यात ६ अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये १२ संकेतबिंदू आहेत, यूटीएफ-८ मध्ये ३६ बाइट होतात, आणि मार्कुस कून यांच्या सुपरिचित रुंदीनियमानुसार ते पडद्यावर १० स्तंभ व्यापते. समजा, या नावापुढे एकेक जागा सोडून ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे आहेत. अक्षरे मोजणाऱ्या एजंटाच्या हिशेबी ‘नाही’चे दुसरे अक्षर १२ व्या स्तंभात येते. प्रत्यक्षात त्या स्तंभात ‘होय’चा आरंभ असतो. नकार द्यावयास निघालेला एजंट अशा रीतीने होकार नोंदवितो, आणि संकेताच्या दृष्टीने त्याची क्लिक निर्दोष असते! रोमन लिपीवर घेतलेल्या चाचण्यांत हा दोष उघड होणारच नाही.

कर्त्याचा प्रश्न

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकासाप्रमाणेच माहिती अधिकाराच्या चळवळीसाठीही ओळखले जाते. २००५ च्या केंद्रीय माहिती अधिकार अधिनियमाच्या चौथ्या कलमान्वये अभिलेख सूचिबद्ध ठेवणे आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. निर्णयाची कारणे द्यावयाची तर निर्णय कोणी घेतला, हे आधी ठाऊक असावे लागते. कृत्रिम क्लिक नेमका हाच धागा तोडते; माणसाचा हात आणि एजंटाची मालिका यांत प्रोग्रॅमला काहीही फरक दिसत नाही.

ही अभिन्नता गुणच आहे, असा प्रतिवाद होऊ शकतो. प्रोग्रॅमच्या चाचणीपुरता तो मान्य करावा लागेल. परंतु ज्या क्लिकने एखाद्या नागरिकाचा अर्ज मंजूर वा नामंजूर होतो, तेथे कर्ता अदृश्य राहणे हा दोषच मानला पाहिजे.

निष्कर्ष

ज्या कामासाठी कळफलकाची निश्चित आज्ञा उपलब्ध आहे, तेथे एजंटाने तीच वापरावी. क्लिक अपरिहार्य असेल, तर स्थान मजकुरावरून न मोजता टर्मिनलने प्रत्यक्ष मांडलेल्या घरांच्या जाळ्यावरून घ्यावे आणि क्लिकनंतरचा पडदा वाचून परिणामाची खातरजमा करावी. एजंटास स्वतंत्र वापरकर्तानाम द्यावे व त्याच्या प्रत्येक निर्देशाची वेळेसह नोंद ठेवावी. मराठीतील नावांवर चाचणी झाल्याशिवाय असा एजंट कार्यालयीन कामास लावू नये. अन्यथा चुकीच्या क्लिकचा जाब कोणाला विचारावा, हे अर्जदाराला कधीच कळणार नाही.