आद्य मंडळी आणि पंगतीतला वाढपी

‘पहिल्या मंडळीकडे परत चला’ ही हाक मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी महारवाड्यातली काही घरे माझ्या पणजोबांच्या काळात ख्रिस्ती झाली. वर्षातून एकदा बाहेरगावचे पाळक येत आणि प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय वाचून दाखवीत. यरुशलेमेतले पहिले विश्वासणारे एकत्र राहत, जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसे वाटून घेत, घरोघरी भाकर मोडीत. पाळक म्हणत, मंडळी तिथून घसरली. आता परत तिथेच गेले पाहिजे. एकदा माझी आजी मध्येच बोलली, “पाळकबाबा, त्या पंगतीत वाढायला कोण व्हतं?” लोक हसले. पाळकही हसले. आजी हसली नाही. गावच्या पंगती उठल्यावर जे मिळायचे ते खाऊन ती वाढली होती. तिचा प्रश्न थट्टेचा नव्हता.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. ‘मुळाकडे चला’ ह्या घोषणेविषयी आपल्या चळवळीला संशय आहे आणि तो रास्त आहे. १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापन झाला. वेदांकडे परत चला, मूळ वर्ण गुणांवर होते, जन्मावरची जात मागाहून आली, असे तेव्हापासून आपल्याला सांगितले गेले. ह्या मांडणीत मूळ नेहमीच निर्मळ असते. मळ नंतर बसतो, आणि तो कोणी बसवला हे विचारायचे नसते. मग अन्यायाला जबाबदार असा कोणी उरतच नाही. म्हणून कोणी आद्य मंडळीकडे बोट दाखवले, तर मला प्रथम हे विचारावेसे वाटते की त्या मुळात काय होते? माझ्या वाचनाचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. आद्य मंडळीत निर्मळपणा नव्हता, तिथे भांडण होते. आणि परत जाण्यासारखे तिथे काही असेल, तर ते भांडणच आहे.

प्रथम काळाचा क्रम पाहू. नव्या करारात कृत्यांचे पुस्तक पौलाच्या पत्रांच्या आधी छापलेले असते, म्हणून ते आधीचे वाटते. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते पौलाची पत्रे इ. स. ५० च्या दशकातली आहेत आणि कृत्ये त्यानंतर एका पिढीने लिहिली गेली. म्हणजे सर्व काही सामायिक असलेल्या मंडळीचे ते सुंदर चित्र हेच मागे वळून पाहून काढलेले आहे. परत जाण्याची ओढ नव्या करारातच सुरू झालेली दिसते. पण त्या लेखकाच्या प्रामाणिकपणालाही दाद दिली पाहिजे. चित्र काढून तो थांबला नाही. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा जमिनीच्या पैशांतला काही भाग लपवतात. सहाव्या अध्यायात आजीच्या प्रश्नाचे उत्तर येते.

रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती. त्यांच्या लोकांनी स्थानिक भाषा बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकूर केली. पंगत एक, पण वाढप्याचा हात सगळीकडे सारखा फिरत नव्हता. ह्यावर प्रेषितांनी उपदेश केला नाही. ‘आपण सारे भाऊ आहोत, वेगळेपणाची भाषा नको’ असेही म्हटले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटणीचा अधिकार त्यांच्या हाती दिला. स्तेफनापासून नीकलावापर्यंत त्या सातांची नावे वाचा. सातही ग्रीक वळणाची आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यातल्या माणसांकडे पळी गेली. प्रतिनिधित्वाचे तत्त्व ह्याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. त्या प्रसंगात एक सलही आहे. ‘वचनाची सेवा सोडून आम्ही पंक्तीची सेवा करणे बरे नव्हे’ अशा अर्थाचे प्रेषितांचे बोलणे आहे. शब्दाचे काम वरचे आणि वाढण्याचे खालचे, ही उतरंड तिथे डोके वर काढते. पण त्या सातांतला स्तेफन पुढे शब्दाच्या प्रांतात शिरतो, सत्तेपुढे उभा राहून बोलतो आणि दगडांनी मारला जातो. मंडळीचा पहिला हुतात्मा एक वाढपी आहे.

दुसरा प्रसंग अंत्युखियाचा. तो पौलाने गलतीकरांच्या पत्रात स्वतः सांगितला आहे, म्हणून तो जास्त जवळचा पुरावा आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडची काही माणसे यरुशलेमेहून आली आणि पेत्र मागे सरला. बाकीचे यहुदी विश्वासणारेही सरले. बर्णबासुद्धा सरला. हा बर्णबा कोण, तर कृत्यांच्या चौथ्या अध्यायात शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायांशी ठेवणारा. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. शेत देता आले, ताट एक करता आले नाही. आपल्याकडचे किती उदार पुरोगामी ह्या एका ओळीत ओळखू येतात! पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर सुनावले. त्याच पत्रात पुढे यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद उरले नाहीत असे तो लिहितो. हे वाक्य भिंतीवर लावण्यासाठी झाले नाही. ते जेवणावरच्या भांडणातून निघाले. इथे एक सावधगिरी हवी. यहुद्यांचे आहारनियम म्हणजे अस्पृश्यता नव्हे. रोमन साम्राज्यात दबलेल्या एका समाजाचे ते स्वतःला टिकवण्याचे साधन होते. साम्य इतकेच, की एकाच नावाने एकत्र आलेल्यांत ताट वेगळे झाले आणि कोणीतरी ते खपवून घेतले नाही.

मात्र पौलालाही मी सोडणार नाही. करिंथमध्ये प्रभुभोजनाला धनवान आधी येऊन खात-पीत आणि उशिरा येणारे, ज्यांच्याजवळ काही नाही असे, उपाशी राहत. रोमन घरातल्या भोजनाच्या खोलीत साधारण नऊ जणांना आडवे होऊन जेवता येई, बाकीच्यांना अंगण. घरमालकाचे इष्टमित्र आत आणि दिवसभर राबून आलेला दास बाहेर, हे चित्र उभे करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पौल संतापतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय, असे विचारतो. पण उपाय काय सांगतो? एकमेकांसाठी थांबा, आणि भूक लागली असेल तर घरी खा. म्हणजे श्रीमंताची भरलेली थाळी त्याच्या घरात सुरक्षित राहिली. पुढे समाईक जेवण आटत गेले आणि भाकरीचा तुकडा व द्राक्षारसाचा घोट उरला. पोट भरणारी पंगत प्रतीक होऊन बसली.

१८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ह्या आद्य काळातल्या पुस्तिकेचे हस्तलिखित सापडले आणि १८८३ साली ते छापले गेले. त्याच्या चौथ्या अध्यायात आपले सर्व भावाबरोबर वाटून घ्या, काहीही स्वतःचे म्हणू नका, अशी आज्ञा आहे. त्याच अध्यायात दासांनी धन्याला देवाचे प्रतिरूप मानून त्याच्या अधीन राहावे, अशीही आज्ञा आहे. दोन्ही आज्ञा एका पानावर! मूळ शोधणाऱ्याने ह्यातली कोणती उचलायची?

तरीही ती मंडळी कोणाची होती हे विसरता येत नाही, आणि त्याची साक्ष विरोधकच देतात. दुसऱ्या शतकातला केल्सस हा ख्रिस्ती मताचा टीकाकार हिणवून सांगतो की लोकर पिंजणारे, चांभार आणि परीट घराघरांत शिरून बायकामुलांना ही शिकवण देतात. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानाला कळवतो की ह्या पंथाची माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. मंडळीत त्यांना सेविका म्हणत. तो आणखी लिहितो की हे लोक एकत्र जमून साधे अन्न खात, पण संघटनांवर बंदी घालणारा त्याचा हुकूम निघाल्यावर त्यांनी तेही सोडले. सत्तेला प्रार्थनेपेक्षा एकत्र जमून जेवण्याचे भय जास्त वाटले असावे.

परत जाण्याची हाक नंतरही अनेकदा उठली. ल्यूथरने पोपच्या सत्तेविरुद्ध शास्त्राकडे परत जायला सांगितले. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी त्याचे बोलणे खरे मानले. त्यांच्या बारा मागण्यांतली तिसरी अशी, की ख्रिस्ताने सगळ्यांना सोडवले आहे, तेव्हा आम्हाला कोणाचे बंदे म्हणून ठेवू नका. बंड पसरल्यावर ल्यूथरने सरदारांना त्यांचा नायनाट करायला सांगितले. पुस्तक एकच, मूळ एकच. परत जाणारे मात्र दोन वेगळ्या वाटांनी निघाले होते.

आपल्या देशातही पंगतीचा प्रश्न मंडळीच्या दारात आला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जात सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावर-मद्रासकडच्या वरच्या जातींच्या ख्रिस्त्यांनी कडवा विरोध केला. तिरुनेलवेली भागातल्या वडक्कनकुळम येथे १८७२ साली जातवार बसण्यासाठी दोन दालनांचे चर्च उभे राहिले. वेदी एक, माणसे दोन बाजूंना. मधली भिंत पडायला १९१० साल उजाडावे लागले.

मराठीत ह्या प्रश्नाचा सर्वांत जिवंत दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्याजवळ राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी वेगळी चूल, वेगळे पाणी काही काळ सांभाळले. सोवळे एकेक पदर सुटत कसे गेले, हे त्या स्वतःला हसत सांगतात. अंत्युखियाच्या ताटावरून पेत्राच्या मनात काय चालले असेल ते समजायला ह्या पुस्तकाइतकी मदत कुठलाही टीकाग्रंथ करणार नाही. पण ते पेत्राचे मन आहे. ज्याच्यापासून पेत्र दूर सरला, त्याचे मन तिथे सापडत नाही. ते लिहिणे आपल्याकडे राहिले आहे.

स्वतः टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. पगारी मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून ख्रिस्ताच्या साध्या शिष्यगणाकडे जाण्याची ती धडपड होती. तिच्या सच्चेपणाबद्दल मला शंका नाही. परंतु परकी वेष उतरवून ख्रिस्त देशी व्हावा, अभंग-कीर्तनातून भेटावा, हा त्यांचा मुख्य ध्यास होता. नगर जिल्ह्यातल्या बाकांवर बसलेल्या महार-मांगांना वेष परका आहे ह्याचे दुःख फारसे नव्हते. देशी व्यवस्था काय असते ते त्यांना पुरेपूर ठाऊक होते.

इथे बाबासाहेबांची पद्धत उपयोगी पडते. तेही मागे गेले, बुद्धापर्यंत गेले. पण डोळे मिटून गेले नाहीत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी प्रश्न उभे केले: परिव्रज्येचे परंपरेने सांगितलेले कारण खरे का, चार आर्यसत्ये मूळची की मागाहून घातलेली? मुळाला त्यांनी माणसाच्या हिताच्या कसोटीवर घासून घेतले. जुने आहे म्हणून खरे, हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहितानाही त्यांनी चर्चने जात मोडली का, हाच रोकडा प्रश्न विचारला.

हा प्रश्न आज केवळ धर्मशास्त्राचा नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेर राहिला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, तरी दार उघडले नाही. युक्तिवाद काय, तर ख्रिस्ती धर्मात मुळात जात नाही. चर्चमधले वरच्या जातीचे लोकही हेच सांगतात. निर्मळ मुळाची कल्पना कोणाच्या कामी येते ते इथे उघड होते. पुस्तकात जात नाही, म्हणून तुझ्या अंगावरचा वळ खोटा! ह्याला कृत्यांचा सहावा अध्याय हेच उत्तर आहे. कुरकूर करणाऱ्या विधवांना कोणी सांगितले नाही की आपल्या मतात भेद नाही, तेव्हा तुमची भूक खरी नसावी.

म्हणून मंडळीतल्या माझ्या भावाबहिणींना मला सांगायचे आहे, परत जायचे तर जरूर जा. पण दुसऱ्या अध्यायात मुक्काम करू नका. सहाव्यापर्यंत चालत जा. कुरकूर तिथे पाप ठरली नाही, आणि पळी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न तिथे उघड विचारला गेला. माझ्या आजीने आमच्या गावात तो पुन्हा विचारला, तेव्हा लोक हसले. आद्य मंडळीच्या सर्वांत जवळ त्या दिवशी तीच होती.