घंटा कोणाच्या हाती? : युद्धोत्तर जपानमधील प्रसारण आणि लोकप्रिय गाणे

लोकप्रिय गाणे लोकांच्या आवडीतून वर येते, असे आपण सहज धरून चालतो. युद्धोत्तर जपानचा इतिहास पाहिला की ही समजूत अपुरी वाटू लागते. तिथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीने गाणी घरोघर पोचवलीच. शिवाय कोणी गायचे आणि काय गायचे, हेही बऱ्याच अंशी ठरवले.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानी जनतेने रेडिओवर सम्राटाचा आवाज प्रथमच ऐकला, तो शरणागतीची वार्ता देणारा. पाचच महिन्यांनी, १९ जानेवारी १९४६ला, एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने हौशी गायकांची 'नोदो जिमान' ही स्पर्धा सुरू केली. आजवर नुसता ऐकणारा सामान्य माणूस मायक्रोफोनपुढे उभा राहिला. हे लोकशाहीचे पाऊल खरेच. पण निकालाची घंटा परीक्षकांच्याच हाती होती. पुढे मिसोरा हिबारी म्हणून गाजलेली मुलगी इथे नाकारली गेली. आवाज उत्तम, पण मोठ्यांची गाणी लहान मुलीला शोभत नाहीत, असा आक्षेप घेतला गेल्याचे सांगतात. रंगमंच, चित्रपट आणि ध्वनिमुद्रिकांनी तिला उचलून धरले.

स्त्री-पुरुष गायकांच्या दोन संघांतील 'कोहाकु उता गास्सेन'ची कथा याच वळणाची. १९४५च्या अखेरीस झालेल्या तिच्या पूर्वावतारात 'गास्सेन', म्हणजे लढाई, हा शब्द व्यापलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना खटकला. मग 'शिआई', म्हणजे सामना, म्हणावे लागले. १९५१मध्ये 'गास्सेन' परतले. १९५३च्या ३१ डिसेंबरपासून हा कार्यक्रम वर्षअखेरीचा कौटुंबिक विधीच झाला. १९६३मध्ये त्याने ८१.४ टक्के प्रेक्षकमान गाठले. तिथे बोलावणे येणे म्हणजे राष्ट्रमान्यता! हिबारीला तिथे समारोपाचा मान वर्षानुवर्षे मिळाला. पण तिच्या भावाच्या गुंडटोळीशी असलेल्या संबंधांवरून गदारोळ झाला आणि १९७३मध्ये तिची निवड झाली नाही.

वगळणे नेहमी उघड बंदीने होत नाही. १९५९पासून खासगी प्रसारकांच्या संघटनेने सावधगिरी बाळगण्याजोग्या गाण्यांची यादी ठेवली. कागदोपत्री ती केवळ सूचना. वाहिन्यांनी मात्र ती मुकाट्याने पाळली. 'योइतोमाके नो उता' हे मिवा आकिहिरो यांचे गाणे अंगमेहनतीची मजुरी करून मुलाला वाढवणाऱ्या आईचे. त्यातला मजुरांसाठीचा शब्द अवमानकारक ठरवून खासगी वाहिन्यांनी ते दीर्घकाळ टाळले. मजुराचा अपमान टाळण्याच्या नावाखाली मजूर आईच अदृश्य झाली, हा यातला दुर्दैवी विरोधाभास. २०१२च्या कोहाकुत, वयाच्या ७७व्या वर्षी, मिवा यांनी ते गायले, तेव्हा अनेक तरुणांनी ते प्रथमच ऐकले.

प्रसारणाने जपानला एकत्र बसून ऐकायला शिकवले, हे त्याचे ऋण मोठेच. पण एका काळाची गाणी म्हणून जी आपल्यापर्यंत येतात, ती त्या काळी वाजू दिलेली गाणी असतात. इतिहास लिहिणाऱ्याने न वाजलेल्यांचीही विचारपूस केली पाहिजे.